गाडी गरमच होईना गेली!

मित्रांनो, सुरुवातीलाच एक कबुली. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पदरात घ्याव्यात. मराठी विभागासाठी लिही असं सांगितलं तेव्हा मी कविता देणार होते. पण कविता चौदा जणांनी दिल्यात असं कळलं, आणि माझ्याकडे सध्या सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे. ती म्हणजे माझ्या मामांची मारुती एट हंड्रेड.

मामा वसमतजवळच्या एका गावात राहतात. हळदीची शेती. गाडी १९९७ ची, कार्ब्युरेटरवाली, पांढरी (आता पिवळसर, हळदीमुळे की वयामुळे माहीत नाही). मामींचं डायलिसिस नांदेडला असतं, आठवड्यातून दोनदा, सकाळच्या पहिल्या शिफ्टला. वसमत ते नांदेड साधारण चाळीस किलोमीटर. म्हणजे थंडीत पहाटे अंधारातच निघावं लागतं. एसटीने जाता येतं, पण परत येताना मामींना बसवत नाही, आडवं व्हावं लागतं. त्यामुळे एट हंड्रेडची मागची सीट ही त्या घरातली गरजेची वस्तू आहे, हौसेची नाही.

जानेवारीत सेमिस्टर संपवून मी गेले, तेव्हा मामा म्हणाले, "बाळा, तू इंजिनिअर व्हायलीस ना? गाडी गरमच होईना गेली बघ. अन् आवाज तर असा करायली की मागून ट्रॅक्टर आल्यागत वाटतं." आदल्या शुक्रवारी ती आसना नदीच्या पुलाच्या अलीकडे बंद पडली होती. वीस मिनिटं. मामी मागे पांघरूण घेऊन बसलेल्या, आणि मामा चोक ओढून सेल मारतायत. एका गॅरेजवाल्याने गाडी बघून सांगितलं होतं की इंजिन गेलंय, बोअर करा, अठ्ठावीस हजार. नाहीतर भंगारात घाला.

मामांनी हळदीच्या पैशातून ते अठ्ठावीस हजार बाजूला काढून ठेवले होते. मी म्हटलं, आठ दिवस थांबा. हे म्हणताना मला काहीही माहीत नव्हतं. आय.सी. इंजिन्सच्या पेपरला मला बावन्न मार्क होते.

आधी गाडीची ओळख

एट हंड्रेड पहिल्यांदा रस्त्यावर आली १४ डिसेंबर १९८३ ला, आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. बोअर ६८.५ मिलिमीटर, स्ट्रोक ७२ मिलिमीटर. कॅल्क्युलेटर घेऊन बसा, पाय बाय फोर इंटू डी स्क्वेअर इंटू एल इंटू तीन, बरोबर ७९६ येतं. पहिल्या वर्षी पाठ केलेलं सूत्र खऱ्या लोखंडाला लागू पडतं हे बघून मला उगीचच आनंद झाला होता.

इंजिनाभोवती पाणी फिरतं हे सगळ्यांना माहीत आहे. पण ते पाणी सुरुवातीला रेडिएटरमध्ये जात नाही, जाऊ नये. वाटेत थर्मोस्टॅट नावाचा एक लहानसा व्हॉल्व्ह असतो. त्यात मेण भरलेलं असतं. मेण तापलं की वितळून फुगतं आणि व्हॉल्व्ह ढकलून उघडतं. (ही मेणाची युक्ती सर्जियस व्हर्नेट या माणसाने १९३० च्या दशकात काढली, आणि आजही ती जशीच्या तशी चालू आहे. त्यात वायर नाही, सेन्सर नाही.) या गाडीचा थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशाला उघडू लागतो आणि ९५ च्या आसपास पूर्ण उघडतो. तोपर्यंत पाणी इंजिनातल्या इंजिनातच घुटमळतं आणि लवकर तापतं.

आता यातला खटला असा आहे. आपल्या मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो. गाडी तापते. मग कोणीतरी शहाणा सांगतो, "थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्याकडे लागत नाही. ते थंड देशातल्या गाड्यांसाठी असतं." काढला की गाडी खरंच तापायची थांबते, म्हणून सगळ्यांना हा इलाज पटतो. पुढे जानेवारी येतो, पण तेव्हा कोणाला मे महिना आठवत नाही.

सुई काय सांगते

पहिल्या सकाळी मी मामांबरोबर नुसती बसून गेले. हातात वही. गाडी सुरू केली तेव्हा अंगणात बारा अंश. चोक पूर्ण ओढलेला. पाच मिनिटं उभ्या गाडीत सुई थोडी हलली. रस्त्याला लागलो, साठचा स्पीड, आणि सुई परत खाली! नांदेडमध्ये शिरल्यावर ट्रॅफिकमध्ये थांबलो तेव्हा पुन्हा थोडी वर. मोकळ्या रस्त्यावर पुन्हा खाली.

मित्रांनो, हे एक लक्षण इतकं बोलकं आहे की बाकी काही न करता निदान होऊ शकतं. उभी असताना तापते, पळताना थंड होते, याचा अर्थ वाऱ्याचा झोत सतत पाणी थंड करतोय, म्हणजे पाणी सतत रेडिएटरमधून जातंय. सुईच खोटं बोलत असेल का, हा प्रश्न रास्त आहे. सेन्सर बिघडलेला असू शकतो. त्यासाठी हाताने तपासायचं. थंड इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या होजला हात लावा. (पंख्यापासून आणि बेल्टपासून ओढणी, बाही, वेणी लांब ठेवून. हे मी मुलींसाठी मुद्दाम लिहितेय.) थर्मोस्टॅट ठीक असेल तर होज बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम चटका बसेल इतका गरम होतो. आमच्या गाडीचा होज दुसऱ्या मिनिटापासूनच हळूहळू कोमट, आणि कोमटच राहिला.

रात्री मी हिशेब मांडला. हॉस्टेलमध्ये असते तर कोणाचा तरी कॉपी केला असता, पण मामांच्या घरी कोण देणार! पाणी समजा साडेतीन लिटर. बारा अंशांवरून ८२ वर न्यायचं, म्हणजे सत्तर अंश. साडेतीन गुणिले ४.१८ गुणिले ७०, सुमारे १०२४ किलोज्यूल. एक लिटर पेट्रोल जळून साधारण ३२-३३ मेगाज्यूल देतं, त्यातला ढोबळ एक तृतीयांश पाण्यात जातो असं आपण पेपरात लिहितो. म्हणजे नुसतं पाणी तापवायलाच साधारण शंभर मिलिलिटर पेट्रोल. इंजिनाचं लोखंड, ॲल्युमिनियम वेगळं. उभी गाडी तासाला समजा सहाशे मिली खाते, तर शंभर मिलीला दहा मिनिटं. म्हणून पहाटे गाडी सुरू करून चहा प्यायला आत जाण्यात अर्थ नाही. अर्धा मिनिट थांबून हळू चालवत निघालं की ती जास्त लवकर तापते, कारण चालताना जास्त पेट्रोल जळतं.

दुसरा हिशेब जास्त गमतीचा आहे. साठच्या स्पीडला वीसचं ॲव्हरेज धरलं तर तासाला तीन लिटर, त्यातून पाण्यात जाणारी उष्णता साधारण नऊ किलोवॅट. रेडिएटर मात्र सगळ्यात वाईट दिवसासाठी बनवलेला असतो. समजा तो ४३ अंशांच्या दुपारी ९५ अंशांच्या पाण्यातून १५ किलोवॅट काढू शकतो. हा आकडा मी धरलेला आहे, पण तर्क बघा. ५२ अंशांच्या फरकाला १५, तर नऊ किलोवॅटला साधारण ३१ अंशांचा फरक पुरे. बाहेर बारा असेल तर पाणी ४३ अंशांवर येऊन थांबणार. थर्मोस्टॅट नसेल तर ही गाडी हैदराबादपर्यंत नेली तरी पाणी ८२ ला पोचणार नाही. "गरमच होईना गेली" हे मामांचं वाक्य हीट ट्रान्सफरच्या दृष्टीने अगदी अचूक होतं.

दुसऱ्या दिवशी वसमतमधल्या एका छोट्या गॅरेजात गेलो. तिथल्या मेकॅनिकना सगळे चाचा म्हणतात. मी त्यांना रुबाबात सांगितलं, "थर्मोस्टॅट उघडा अडकलाय." त्यांनी दोन बोल्ट काढले, कव्हर उचललं, आत बघितलं आणि बाजूला झाले. आत काहीच नव्हतं. नुसतं घर, माणूस गायब. चाचा हसले. मग त्यांनी चावी फिरवली आणि मला रेडिएटरचा पंखा दाखवला. इंजिन सुरूसुद्धा नाही, आणि पंखा फिरतोय! कोणीतरी तापमानाचा स्विच वगळून वायर थेट इग्निशनला जोडली होती. म्हणजे थर्मोस्टॅट काढलेला, वर पंखा कायम चालू. जानेवारीत पहाटे पाच वाजता.

मी म्हटलं नवा थर्मोस्टॅट बसवून टाका. चाचा म्हणाले, "ताई, काढला का होता ते बघा ना आधी." मला हे सुचलंच नव्हतं. उन्हाळ्यात गाडी तापत होती म्हणून काढला. ती का तापत होती? रेडिएटर उतरवला, टाकी उघडली, तर नळ्यांमध्ये पांढरा खडू जमलेला. मामा इतकी वर्षं रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी टाकत होते. आपल्याकडचं बोअरचं पाणी किती जड असतं हे आपल्या हॉस्टेलच्या गीझरला विचारा, किंवा ज्यांचे केस गळतायत त्यांना. पाणी तापलं की त्यातले क्षार कॅल्शियम कार्बोनेट होऊन नळ्यांच्या भिंतींना चिकटतात. वाट अरुंद होते, आणि क्षारांचा थर उष्णता नीट जाऊ देत नाही. तसाच थर्मोस्टॅट बसवला असता तर मे महिन्यात गाडी पुन्हा उकळली असती, आणि पुन्हा कोणीतरी तो काढला असता. रेडिएटरचं रॉडिंग केलं, म्हणजे नळ्यांमधून सळई घालून साफ केलं. पुढे कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर. बॅटरीवाल्याकडे कॅनमध्ये मिळतं.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी मी तपासला. एक दिवस कॉलेजात काम होतं, तेव्हा केमिस्ट्री लॅबमधून थर्मामीटर मागून आणला आणि मेसच्या मावशींच्या शेगडीवर पातेल्यात पाणी ठेवून थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगला. तळाला टेकू द्यायचा नाही, नाहीतर तळाची जास्तीची उष्णता त्याला लागते. मावशी म्हणाल्या, "काय शिजवायलीस गं हे?" ८१ ला फट दिसली, ९४ ला पूर्ण तोंड उघडलं. मावशींनी नंतर ते पातेलं तीन वेळा घासलं.

आवाज

आता आवाजांकडे येते, कारण गॅरेजवाल्याने आवाजावरूनच इंजिन मेल्याचं ठरवलं होतं. इथे मला माझी कॉन्व्हेंटची मराठी कमी पडली. मला सगळं "नॉइज" वाटत होतं. मामा मात्र सांगत होते की सेल मारल्यावर आधी चिरचिर होते, मग टकटक, पळताना खडखड आणि चाळीसच्या वर घुंईंऽ. चार वेगळे शब्द, आणि शेवटी चारही वेगळ्या बाबी निघाल्या. मेकॅनिकला फोन करताना "आवाज येतोय" असं सांगू नका. तोंडाने काढून दाखवा. लाज वाटेल, पण हाच सगळ्यात उपयोगी डेटा असतो.

चिरचिर सोपी होती. फॅन बेल्ट सैल. सुरू केल्यावर अल्टरनेटर बॅटरी भरायला जोर लावतो, बेल्ट घसरतो आणि ओरडतो. बेल्ट चालू असताना त्यावर थोडं पाणी शिंपडलं आणि आवाज क्षणभर बदलला की बेल्टच समजायचा. बेल्टवर चालणाऱ्या पंपाची किंवा अल्टरनेटरची बेरिंग असेल तर बेल्ट काढून अर्धा मिनिट इंजिन चालवा. आवाज गेला तर तिकडचा, राहिला तर इंजिनाच्या आतला. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नको, कारण पंप बंद असतो.

टकटक हा खरा प्रश्न. मी छातीठोकपणे सांगितलं, टॅपेट. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह आणि रॉकर यांच्यातलं अंतर वाढलं की ठोका पडतो, सगळ्यांना माहीत असलेला आवाज. चाचांना फीलर गेज घेऊन बसवलं, सहाही टॅपेट सेट करून घेतले. दीड तास आणि दोनशे रुपये. गाडी सुरू केली. टकटक जिथल्या तिथे! चाचा काही बोलले नाहीत, पण मामा माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती मी विसरणार नाही. अठ्ठावीस हजार वाचवायला आलेल्या भाचीने आधी दोनशे घालवले होते.

तेव्हा मी जरा डोकं लावलं. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. व्हॉल्व्हचा ठोका कॅमच्या वेगाने पडतो, दोन फेऱ्यांना एकदा. क्रँकच्या बेरिंगचा ठोका साधारणपणे दर फेऱ्याला. म्हणजे ठोके मोजले तर कुठलं घर आहे ते कळायला हवं. पण नऊशे आरपीएमला कॅमचे ठोके सेकंदाला साडेसात. कानाने कोण मोजणार? आणि एट हंड्रेडच्या डॅशबोर्डवर आरपीएम मीटरही नाही.

मग असं केलं. माझा मोबाइल बॉनेटजवळ, मामेभावाचा सायलेन्सरजवळ, दोन्हीवर एकदम रेकॉर्डिंग. सुरुवातीला मी एक जोरात टाळी वाजवली, नंतर दोन्ही रेकॉर्डिंग जुळवता यावीत म्हणून. मग लॅपटॉपवर ऑडॅसिटीमध्ये दोन्ही लहरी एकाखाली एक ठेवल्या. सायलेन्सरचा ठोका म्हणजे प्रत्येक सिलिंडरचं फायरिंग. तीन सिलिंडर, दोन फेऱ्यांत तीन ठोके. आता दोन टकटकींच्या मधल्या वेळात सायलेन्सरचे किती ठोके बसतात ते बघायचं. दीड बसले तर टकटक दर फेऱ्याला, म्हणजे क्रँकची शंका. तीन बसले तर दोन फेऱ्यांना एकदा. आरपीएम माहीत असायची गरजच नाही! आमच्या गाडीत तीन बसले. क्रँकचं भूत बरंचसं उतरलं. पूर्ण उतरलं नाही, कारण बिग एंडचा ठोका कधीकधी फायरिंगच्या वेळीच जास्त ऐकू येतो आणि मग तोही दोन फेऱ्यांना एक असा दिसू शकतो.

पण दोन फेऱ्यांना एकदा होणारी गोष्ट टॅपेट नसेल तर काय? एकाच सिलिंडरच्या फायरिंगशी बांधलेली दुसरी कुठली तरी. हे तपासायची पद्धत चाचांनी सांगितली, पुस्तकात मी नंतर वाचली. चालू इंजिनात एकेका प्लगची वायर काढायची. रबरी मुठीच्या पकडीने, आणि काढलेली वायर बॉडीला टेकवून ठेवायची, नाहीतर असा झटका बसतो की पुढचं सेमिस्टर आठवणार नाही. ज्या सिलिंडरची वायर काढली त्यात जळणं बंद. टॅपेटला त्याने फरक पडत नाही, कॅम फिरतच असतो. पण आवाज जळण्याच्या दाबामुळे येत असेल, तर तो त्या सिलिंडरला मंदावतो. दोन आणि तीनला काही झालं नाही. एक नंबरची वायर काढली आणि टकटक विरघळल्यासारखी गेली.

आता उरले तीन संशयित. बिग एंड, पिस्टनचा डुगडुग ठोका, आणि एक्झॉस्टची गळती. पहिले दोन महाग, तिसरा स्वस्त. स्वस्त आधी तपासावा. चाचांनी एक नंबरच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ बॅटरीचा उजेड मारला. जॉइंटवर काजळीचा पंखा उमटलेला, आणि खालच्या स्टडवर नटच नाही. थंड इंजिन सुरू करून तिथे कागदाची पट्टी दोरीला बांधून धरली तर ती टकटकीबरोबर थरथरत होती. हा आवाज टॅपेटसारखाच येतो, हुबेहूब. गाडी तापली की लोखंड पसरून फट थोडी बुजते आणि आवाज कमी होतो, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. पण त्या फटीतून कार्बन मोनॉक्साइड बॉनेटखाली येतो, आणि बंद काचांच्या गाडीत मागे आजारी माणूस झोपलेलं असतं. हे डोक्यात आल्यावर मला थोडं गार पडल्यासारखं झालं. नवीन गॅस्केट, नवीन नट, तासाभराचं काम.

राहिली खडखड, आणि त्या गॅरेजवाल्याचा मुख्य पुरावा. त्याने ऑइल भरायचं झाकण उघडून मामांना आतली पांढरी साय दाखवली होती. "बघा, ऑइलमध्ये पाणी. हेड गॅस्केट गेलं, इंजिन खोलावंच लागेल." साय खरोखर होती. दह्यासारखी. पण इंजिनात पाणी येण्याचे दोन रस्ते आहेत. एक गॅस्केट फुटून. दुसरा असा की पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होतेच, त्यातली थोडी रिंगांच्या बाजूने खाली उतरते. इंजिन नीट तापत असेल तर ती वाफ बाहेर निघून जाते. चाळीस अंशांवर अडकलेल्या इंजिनात ती झाकणाखाली थंड होऊन ऑइलमध्ये घुसळली जाते आणि साय धरते. फरक कसा ओळखायचा? गॅस्केट गेलं असेल तर रेडिएटरचं पाणी कमी होत राहतं, झाकण उघडून गाडी चालवली तर बुडबुडे येतात (झाकण थंड इंजिनातच उघडा, गरम असताना उघडाल तर तोंड भाजेल), तापल्यावरही पांढरा धूर थांबत नाही. आमचं पाणी आठ दिवसांत तसूभर हललं नव्हतं.

मग डिपस्टिक बघितली. ऑइल खुणेच्या वर! जुनी गाडी ऑइल पिते, वाढवत नाही. वास घेतला तर पेट्रोलचा. चाळीस किलोमीटर अर्धा चोक ओढून चालवायची, कारण कार्ब्युरेटरखालचं मॅनिफोल्ड गरम पाण्याने तापायचं ते तापतच नाही, पेट्रोलची नीट वाफ होत नाही, आणि न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये. ऑइल पातळ झालं की सगळं इंजिन खडखडणार. म्हणजे गरम न होणं आणि खडखड या मामांच्या दोन वेगळ्या तक्रारी एकाच रिकाम्या घरातून निघाल्या होत्या. ऑइल आणि फिल्टर बदलल्यावर खडखड निम्म्याहून कमी झाली.

तरीही बोअरचा प्रश्न हवेत सोडायचा नव्हता. आपल्या आय.सी. इंजिन लॅबमधून कॉम्प्रेशन गेज मिळालं. लॅब असिस्टंट सरांनी "हरवलंस तर टर्म ग्रँट होणार नाही" असं सांगून दिलं, त्यांचे मनापासून आभार. गाडी गरम करून तिन्ही प्लग काढले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल मारला. तिन्ही सिलिंडरचे आकडे एकमेकांपासून दहा पीएसआयच्या आत, आणि मॅन्युअलमधल्या किमान मर्यादेच्या वर. ज्या इंजिनाला बोअर करायला निघाले होते त्याचे पिस्टन आणि रिंग ठणठणीत होते. मला वाटतं त्या गॅरेजवाल्याने फसवलं असं नाही. साय दिसली, खडखड ऐकली आणि तिथेच थांबला. मीही टॅपेटवर तिथेच थांबले होते.

सगळा खर्च तीन हजार चारशे, त्यात माझे दोनशे धरून. मामांनी उरलेल्या पैशांचं काय केलं ते मी विचारलं नाही. सुई आता वसमत सोडता सोडता मधोमध येते आणि तिथेच राहते, चोक दुसऱ्या किलोमीटरला आत. थर्मोस्टॅट बसल्यापासून मामांना सुई वर गेली की धास्ती वाटते, इतकी वर्षं ती खाली बघायची सवय. मामी म्हणाल्या की आता मागे झोप लागते.

घुंईंऽ मात्र अजून आहे. चाळीसच्या वर सुरू होते. गिअर न्यूट्रल करून गाडी घरंगळू दिली तरी तशीच राहते, म्हणजे इंजिनाची नाही, चाकांकडची. परवा मामांनी गाडी चालवताना मामेभावाला फोन खिडकीबाहेर धरायला लावला आणि मला ऐकवलं. मी विचारलं, डावीकडे वळताना वाढते का? डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर येतं. बराच वेळ नुसता वारा ऐकू आला. मग मामांचा आवाज आला, "हाव, वाढायली." म्हणजे उजवी बेरिंग. पुढची की मागची, ते मी येत्या शनिवारी जाऊन जॅक लावून बघणार आहे.